पाखडलेले बटाटे : ओव्याच्या पानांचा वास, दुधा-तुपाचा थेंब नाही

पहिल्या खेपेला मी बटाटे कुकरला लावले. दोन शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, तर भाजायला घ्यायचे बटाटे आत भरीत होऊन बसलेले. त्या रात्री ताटात भाजक्या बटाट्यांऐवजी बटाट्याची भाजी पडली. दुसऱ्या खेपेला कच्चे बटाटे कापले, तेल चोळलं आणि सरळ ओव्हनमध्ये सारले. तासाभरानं बाहेर आले ते वरून चिवट आणि आतून कोरडे. आईनं एक फोड चावून बघितली आणि म्हणाली, "अरं, कोल्हापुरी चपला झाल्यात नुसत्या. पॉलिश तेवढं राहिलंय."

या सगळ्याचं निमित्त म्हणजे भाची. नोकरीनिमित्त पुण्यात राहते, आणि वर्षभरापूर्वी तिनं मटण-अंड्याबरोबर दूध, दही, तूपही सोडलं. ज्या कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसाळतं दूध ग्लासात देतात, तिथं येऊन असं सांगायला छातीच लागते. रविवारच्या ताटाकडे बघून ती म्हणाली, "मामा, तुमच्याकडं माझ्यासाठी भाकरी नि खर्डा, एवढंच का?" खर्डा चांगलाच असतो हो, पण पाहुणीला एवढ्यावर उठवायचं म्हणजे मामाची लाज. तेव्हापासून मी या बटाट्यांच्या मागे लागलो. आता अशी वेळ आली आहे की तांबडा रस्सा ओरपणारेसुद्धा आधी बटाट्याच्या ताटलीकडे हात घालतात आणि भाचीला दोन फोडी बाजूला काढून ठेवाव्या लागतात.

मूळ पदार्थ इंग्रजांच्या रविवारच्या जेवणातला. तिकडे भाजलेल्या मांसाशेजारी हे बटाटे असतात आणि पूर्वापार ते गाईच्या नाहीतर बदकाच्या चरबीत भाजतात. चरबीऐवजी तेल वापरलं तर काही बिघडत नाही. कारण कुरकुरीतपणा ठरतो तो बटाट्याच्या पृष्ठभागावर आणि त्यातल्या पाण्यावर. कोणती चरबी वापरली यावर फार थोडा. बटाटा आधी बाहेरून मोडायचा, मग वाळवायचा, मग भाजायचा. माझा पहिला प्रयत्न फसला तो बटाटा आतपर्यंत मोडला म्हणून, आणि दुसरा फसला तो यातल्या पहिल्या दोन पायऱ्या मी गाळल्या म्हणून.

बटाटा कोणता घ्यायचा

अर्धी लढाई बाजारातच जिंकली किंवा हरली जाते. आपल्याला पिठूळ बटाटा हवा, म्हणजे ज्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त. विक्रेत्याला "पिठूळ द्या" म्हटलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. त्यापेक्षा "वेफरला चालणारा द्या" म्हणा. उन्हाळ्यात वाळवणं घालणाऱ्या बायकांना हा फरक शास्त्रज्ञांइतकाच नेमका कळतो. जो बटाटा तळल्यावर काळा पडत नाही आणि ज्याचा कीस मोकळा राहतो, तोच आपला बटाटा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं वेफरसाठी म्हणून १९९८ साली 'कुफरी चिप्सोना' हे वाण आणलं. त्यात कोरडा अंश जास्त आणि साखर कमी. ते मिळालं तर उत्तमच. पण किरकोळ बाजारात वाणाचं नाव क्वचित कळतं, गावाचं कळतं. इंदूरचा, आग्र्याचा, बेळगावचा असं विचारलं की उत्तर मिळतं. मला वेफरवाल्या इंदूर बटाट्याचा अनुभव चांगला आहे. पावसाळ्यानंतर येणारा कोवळा नवा बटाटा, ज्याची साल अंगठ्यानं सुटते, तो रश्श्यात गोड लागतो पण भाजायला नको. त्यात पाणी फार.

घरी परीक्षा करायची असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. पिठूळ बटाटा जड असतो, तो तळाशी जातो; पाणचट वर तरंगतो. मी हे एकदाच केलं, हौस म्हणून. रोजच्याला सोपी खूण अशी : बटाटा कापून दोन अर्धे एकमेकांवर घासा. पांढरा फेस आला आणि दोन्ही तुकडे चिकटायला लागले की पिष्ट भरपूर आहे.

हिरवट डाग असलेला बटाटा घेऊ नका. घरात ठेवून हिरवा झाला असेल तर तेवढा भाग खोलवर कापून टाका, मोडही काढा. त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. आणि कच्चा बटाटा फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते. असा बटाटा ओव्हनमध्ये आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो आणि चवीला गोड-कडू लागतो. शीतगृहातून नुकता आलेला मालही असाच वागतो. पिशवीभर बटाटे आणले की टोपलीत, अंधाऱ्या हवेशीर जागी आठ-दहा दिवस पडू द्यावेत, साखर बरीच उतरते. कांद्यांच्या टोपलीपासून लांब.

जाता जाता सांगतो : 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांचा 'बताता' आपण जवळजवळ तसाच ठेवला, हिंदीवाले मात्र 'आलू'वर गेले. उपवासाच्या ताटात मानानं बसलेला हा पाहुणा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, हे लक्षात घेतलं तर इंग्रजांच्या पदार्थात आपला ओवा घालायला संकोच वाटायचं कारण उरत नाही.

काय काय लागेल

चार माणसांना तोंडीलावणं म्हणून पाऊण किलो बटाटे. उकळायला २ लिटर पाणी, त्यात दीड मोठा चमचा मीठ आणि अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, सपाट. रिफाइंड शेंगतेल ४ मोठे चमचे, म्हणजे साधारण ६० मिली. लसणाच्या ७-८ पाकळ्या. ओव्याची पानं १०-१२. कढीपत्त्याच्या दोन काड्या. मूठभर कोथिंबीर, जाडसर कुटलेली मिरी अर्धा चमचा, वरून घालायला मीठ. असेल तर घाण्याचं शेंगतेल एक चहाचा चमचा, शेवटच्या वासासाठी. अर्धं लिंबू, ते मात्र अगदी शेवटी. का ते पुढे येईल.

वेळ : सगळं धरून दीड तास. त्यातला तुमचा हात लागतो तो वीस मिनिटं, बाकी वाट बघणं.

उकळणं

बटाटे सोला. सालीसकट भाजलेले बटाटेही चांगले लागतात, पण साल ठेवली की पुढची पाखडण्याची क्रिया नीट होत नाही, म्हणून या पदार्थाला सोललेलेच. फोडी मोठ्या करा, चार सेंटीमीटरच्या आसपास. मध्यम बटाट्याचे चार भाग. भाजीला करतो तशा बारीक फोडी केल्या तर आतला मऊ गाभाच उरणार नाही. कापताना सुरी तिरकी धरली की प्रत्येक फोडीला दोन-तीन सपाट बाजू आणि धारदार कडा मिळतात. सपाट बाजू ट्रेवर टेकते, कडा आधी कुरकुरीत होते. गोल फोड फक्त एका टिंबावर उभी राहते.

पाणी खळखळलं की मीठ आणि सोडा घाला, मग फोडी सोडा. पुन्हा उकळी आली की घड्याळ लावा : ८ ते १० मिनिटं.

सोडा कशासाठी? भाजीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन असतं. अल्कलीत ते लवकर सुटतं, आंबटात घट्ट राहतं. हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला अनुभवानं ठाऊक आहे. आमटीत बटाटा शिजायच्या आधी चिंचेचा कोळ घातला की बटाटा तासभर दाताखाली कच्चा लागतो, आणि सासू सुनेकडे बघते. इथं आपल्याला नेमकं उलटं हवं : बाहेरचा थर लवकर मोडावा, आतला जेमतेम शिजावा. सोडा ते काम करतो. पण हात आवरा. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, आणि ती कुठल्याही मसाल्यानं झाकत नाही.

नऊ मिनिटांनी एक फोड काढून बघा. कडा विरघळल्यासारख्या पांढुरक्या दिसायला हव्यात, सुरी सहज आत जायला हवी, पण फोड उचलली तर तुटायला नको. इथं एका मिनिटाचा फरक मोठा असतो, म्हणून या वेळी फोनवर बोलू नये. कुकर नको तो याचसाठी. झाकणाआड काय चाललंय ते दिसत नाही आणि शिट्टीला मधला टप्पा माहीत नसतो.

वाळवणं आणि पाखडणं

चाळणीत उपसा. दोन मिनिटं तशाच निथळू द्या, मग त्याच गरम रिकाम्या पातेल्यात परत घाला आणि मंद आचेवर मिनिटभर ठेवा. वाफ निघताना दिसेल. आता गॅस बंद, पातेल्यावर झाकण ठेवू नका, पाच ते दहा मिनिटं तसंच राहू द्या. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये, पंचगंगेला पाणी चढलेलं असतं आणि भिंतींनाही घाम सुटलेला असतो, त्या दिवसांत फोडी ताटात पसरून पंख्याखाली ठेवाव्या लागतात. चैत्रात याच कामाला पाच मिनिटं पुरतात.

हे का करायचं ते नीट समजून घेतलं तर बाकी सगळं आपोआप जमतं. पाणी असेपर्यंत फोडीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर फारसा जातच नाही. ओव्हन २२० वर असला तरी त्याची उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते. आणि तांबूस रंग, तो भाजका वास, हे सगळं साधारण १४० अंशांपुढे सुरू होतं. म्हणजे ओली फोड ओव्हनमध्ये टाकली की पहिला अर्धा तास ती भाजत नाही, फक्त उकडते. माझ्या चपला तशाच झाल्या होत्या.

फोडी कोरड्या दिसायला लागल्या, वर किंचित पिठासारखी पांढरी झाक आली की तेल घाला (तेलाचं खाली सांगतो), थोडं मीठ घाला आणि आता पातेलं दोन्ही हातांनी धरून पाखडा. सुपात तांदूळ पाखडतो तसंच : पुढे ढकलून मनगटानं वर उडवायचं. चमच्यानं ढवळू नका, त्यानं फोडी कापल्या जातात. दहा-बारा वेळा पाखडलं की फोडींच्या कडा घासल्या जातात आणि प्रत्येकीवर तेल आणि बटाट्याच्या लगद्याचा एक रवाळ, ओबडधोबड थर चढतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं. आईलाही तसंच वाटलं होतं, "तांदूळ हायत का ते पाखडायला?" पण तो लगदा म्हणजेच पुढचं कवच. गुळगुळीत फोडीला जितका पृष्ठभाग असतो त्याच्या कितीतरी पट या खडबडीत फोडीला असतो आणि त्यातला प्रत्येक उंचवटा वेगळा तळला जातो.

पाखडताना एक मोठा चमचा बारीक रवा भुरभुरला तर कवच आणखी करकरीत होतं, मासे तळताना लावतो तसंच. मला तो आवडतो; भाचीच्या मते त्यानं बटाट्याची स्वतःची चव दबते. दोन्ही करून बघा.

इथवरची तयारी आदल्या दिवशी करून ठेवता येते. पाखडलेल्या फोडी ताटात पसरून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. कच्च्या बटाट्याला फ्रिज वर्ज्य, पण उकडलेल्याला उलट फायद्याचा; रात्रभरात पृष्ठभाग आणखी सुकतो. पाहुणे दहा-बाराजण असतील तर मी असंच करतो.

तेल आणि पाला

कोल्हापुरात शेंगतेल म्हटलं की लाकडी घाण्याचंच, हा आग्रह मीही धरतो. पण इथं मी स्वतःची एकदा फजिती करून घेतली. घाण्याचं तेल ट्रेमध्ये ओतून ओव्हन २३० वर लावला आणि पंधरा मिनिटांत घरात इतका धूर झाला की शेजारचे काका विचारायला आले. न गाळलेलं, न शुद्ध केलेलं शेंगतेल साधारण १६० अंशांनाच धुरावतं. रिफाइंड शेंगतेल २३०च्या आसपासपर्यंत तग धरतं. म्हणून भाजायला रिफाइंड आणि वासाला, शेवटी, चमचाभर घाण्याचं.

आता पाला. परदेशी कृतींत रोजमेरी आणि थाईम असतात. सुकवलेले दोन्ही मोठ्या दुकानांत बाटलीत मिळतात, घालायचे तर घाला. रोजमेरीचं रोप मी कुंडीत लावून पाहिलं. तिला मुळाशी ओल सोसत नाही आणि आपला पाऊस काही तिला विचारून येत नाही. श्रावण उजाडेपर्यंत गेलं. पण त्याच कुंडीशेजारी ओव्याच्या पानांचं झाड होतं, जाड मखमली पानांचं, ज्याची आपण भजी करतो. त्याचं एक पान चुरगाळून हुंगा आणि मग थाईमची बाटली उघडून हुंगा. जवळचेच नातेवाईक वाटतील. आणि तसे ते आहेतही : पानओवा, थाईम, रोजमेरी, पुदिना, तुळस ही सगळी एकाच कुळातली. गंमत म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातला ओवा वेगळ्याच, जिऱ्या-धण्याच्या कुळातला, पण त्यात थायमॉल हे वासाचं द्रव्य भरपूर असतं आणि थाईमचा वास प्रामुख्यानं त्याच थायमॉलचा. म्हणजे ज्या वासासाठी लोक महागडी बाटली आणतात तो आपल्याकडे पोटदुखीवर घेतात. पानं नसतील तर पाव चमचा ओवा हातावर चोळून घाला. याहून जास्त नको, काढ्याची आठवण येते.

पाल्याचा आणि लसणाचा नियम एकच : ही मंडळी ४०-४५ मिनिटं ओव्हनमध्ये टिकत नाहीत. काळी पडतात, कडू होतात, आणि तो कडूपणा सगळ्या ट्रेला लागतो. म्हणून आधी त्यांचा वास तेलात उतरवायचा आणि त्यांना बाजूला काढून ठेवायचं. छोट्या कढल्यात ४ चमचे तेल, ठेचलेला लसूण आणि निम्मी ओव्याची पानं बारीक चिरून घाला. आच मंद. ओव्याच्या पानांत पाणी पुष्कळ असतं, ती तडतडतात, तेव्हा गरम तेलात टाकू नका. गार तेलापासून सुरुवात करा. तीन-चार मिनिटांत लसूण फिकट सोनेरी झाला की लगेच गाळा. गाळलेलं तेल बटाट्यांना, वरचा लसूण आणि पानं वाटीत राखून. हे लसणाचं तेल उरलं तर बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात हवेवाचून वाढणारे घातक जंतू वाढू शकतात. त्या दिवशीच संपवा.

भाजणं

घरगुती ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही कांड्या चालू करून २२० अंशांवर पंधरा मिनिटं तापू द्या, आणि ट्रे रिकामा आतच ठेवा, म्हणजे तोही तापेल. तवा तापल्याशिवाय आपण घावन घालत नाही, तोच न्याय. तापलेल्या ट्रेवर फोडी ओतल्या की चर्र असा आवाज यायला हवा. आला नाही तर ट्रे गार आहे आणि फोडी चिकटणार.

फोडी एकमेकींना टेकू देऊ नका. मधे बोटभर अंतर. दाटी झाली की एकीची वाफ दुसरीला लागते आणि पुन्हा उकडण्याचा प्रकार सुरू. पाऊण किलो एका छोट्या ट्रेत बसत नसेल तर दोन खेपा करा. लोभ करू नका. मी केलेला आहे.

मधल्या कप्प्यात वीस मिनिटं. या वीस मिनिटांत दार उघडायचं नाही आणि उलथनं हातात घ्यायचं नाही. कवच तयार झालं की फोड आपोआप ट्रे सोडते. ओढून काढावी लागली तर कवच ट्रेलाच राहतं. वीस मिनिटांनी पातळ उलथन्यानं प्रत्येक फोड उलटा. चिकटलेली वाटली तर अजून तीन मिनिटं द्या. मग पुन्हा वीस ते पंचवीस मिनिटं, मधे एकदा ट्रे फिरवून, कारण बहुतेक ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतात.

रंग गडद सोनेरी आला की पुरे. तपकिरी-काळ्याच्या मोहात पडू नका. पिष्टमय पदार्थ खूप तापवले की अॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, हे २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. रंग जितका काळपट तितकं ते जास्त. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २०१७ साली लोकांना हेच सांगितलं की सोनेरी रंगावर थांबा. चवीलाही तेच बरं.

शेवटच्या चार मिनिटांत कढीपत्ता थोड्या तेलात माखून ट्रेवर पसरा, तो कागदासारखा करकरीत होतो. ट्रे बाहेर आला की फोडी मोठ्या भांड्यात घ्या, राखून ठेवलेला लसूण-ओवा, उरलेली कच्ची ओव्याची पानं अगदी बारीक चिरून, मिरी, कोथिंबीर, घाण्याचं चमचाभर तेल आणि चवीपुरतं मीठ घालून एकदाच पाखडा. लिंबू पानात वाढल्यावर, ज्याचं त्यानं. आधी पिळलं तर त्याच्या पाण्यानं पाच मिनिटांत कवच मऊ पडतं.

कांदा-लसूण मसाला घालायचा मोह होणारच. घाला, एक चहाचा चमचा, पण ओव्हनमधून काढल्यावर. त्यातलं खोबरं, तीळ आणि मिरची आधीच भाजलेली असते, २२० अंशांवर ती जळते. विकतचा तयार मसाला किंवा 'चाट' मिश्रण वापरत असाल तर पाकिटामागचे घटक वाचा. काहींत दूध पावडर असते. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, तो शाकाहाराचा असतो आणि दूध त्यात बसतं. निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांसाठी २०२२च्या नियमांनुसार वेगळं 'व्हीगन' चिन्ह आहे.

ओव्हन नसेल तर

एअर फ्रायरमध्ये २०० अंश, एका वेळी ४०० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, २० ते २५ मिनिटं, मधे दोनदा हलवून. तेल निम्मं पुरतं. चांगले होतात, फक्त कवच जरा पातळ.

मला विचाराल तर दुसरा नंबर बिडाच्या तव्याचा. जाड तवा चांगला तापवा, तीन चमचे तेल, फोडींची सपाट बाजू खाली, मध्यम आच, आणि झाकण नाही. झाकण ठेवलं की वाफ धरते. प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटं न हलवता. वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं, पण खरपूस वास ओव्हनला हरवतो.

आणि तिसरी जागा बेकरीची भट्टी. आपल्याकडे सुट्टीत पीठ-साखर-तूप नेऊन नानकटाई भाजून आणायची रीत आहेच. मी एकदा ओळखीच्या बेकरीत पावाचा घाणा उतरल्यावर ट्रे घालून घेतला. तसे बटाटे मी पुन्हा खाल्ले नाहीत. चारी बाजूंनी सारखी आच. पण पुढच्या घाण्याच्या खारीला लसणाचा वास लागला आणि मला प्रेमानं सांगण्यात आलं की आता नानकटाई घेऊनच यायचं.

कशाबरोबर वाढायचे

अख्खा मसूर आणि भाकरी असेल तर हे बटाटे शेजारी ठेवा, बेत पूर्ण होतो. वरण-भाताबरोबर, लिंबू पिळून, पापडाची गरज उरत नाही. सोलकढी नारळाच्या दुधाची असल्यामुळे भाचीच्या ताटालाही चालते.

बुडवून खायला दह्याऐवजी मी शेंगदाण्याचं करतो. अर्धी वाटी भाजलेले, सोललेले शेंगदाणे अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. एक हिरवी मिरची, दोन लसूण पाकळ्या, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि लागेल तसं पाणी घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत वाटा. दह्याइतपत घट्ट राहायला हवं. त्यावर चमचाभर खर्डा टेकवा. ढवळायचा नाही, ज्याला जेवढा झेपेल तेवढा त्यानं ओढून घ्यायचा.

उपवासाला करायचे असतील तर लसूण, ओवा आणि रवा काढून टाका. तेलात जिरं आणि हिरवी मिरची उतरवा, सैंधव घाला. कोथिंबीर तुमच्या घरात उपवासाला चालते की नाही हा वाद मी अंगावर घेणार नाही.

वाढायला उशीर होणार असेल तर बटाटे झाकून ठेवू नका आणि डब्यात भरू नका. ओव्हन १०० अंशांवर करून, दार बोटभर उघडं ठेवून त्यातच राहू द्या. वीस मिनिटं निभतात. उरलेच, आमच्याकडे उरत नाहीत, पण उरलेच, तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हला लावू नका, रबर होतात. कोरड्या तापल्या तव्यावर पाच मिनिटं परता. मग मिसळ करा आणि हे बटाटे वाटीत शेव-फरसाणाच्याही वर, सगळ्यात शेवटी ठेवा. कट बाजूनं ओता, बटाट्यावर नाही.